उद्यमबागेतलं सतरा किलो लोखंड

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ५०० किलो माल भट्टीत गेला आणि ४८३ किलो बाहेर आला. फाउंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. ते त्याला मेल्टिंग लॉस म्हणतात, रजिस्टरला एक आकडा लावतात आणि पुढच्या चार्जला (एका वेळी भट्टीत घालायच्या मालाला) लागतात. पण त्या दिवशी मेल्टरचा, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याचा, भाचा सुट्टी म्हणून मामाबरोबर शेडमध्ये आला होता. तो पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), विज्ञान शाखेत, माझ्या वर्गात. दुसऱ्या दिवशी त्यानं वही माझ्यापुढं ठेवली. त्यात लिहिलं होतं: '१७ किलो वस्तुमान नाहीसं झालं. भट्टीतून प्रचंड उष्णता निघाली. म्हणजे वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर झालं. ई बरोबर एम सी वर्ग.'

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण त्याच्या चुकीमागं माझी चूक होती, आणि ती मला पुढं तीन आठवड्यांनी कळली.

पहिला हिशेब

आधी १७ किलोंचं बघू. सूत्र सांगतं, ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग केला की ९ वर सोळा शून्यं येतात. १ किलो वस्तुमानामागं तेवढे ज्यूल. १७ किलोंना गुणून युनिटमध्ये आणलं की उत्तर येतं सुमारे ४२,५०० कोटी युनिट. आपला देश वर्षभरात जेवढी वीज तयार करतो, तिचा जवळपास पाव हिस्सा. तेवढी ऊर्जा एका दुपारी उद्यमबागेत सुटली असती तर मामा नाही, भाचा नाही, शेड नाही, आणि बेळगावही नाही.

भट्टी इंडक्शनची होती. म्हणजे उष्णता आली ती विजेतून, आणि वीज मीटरवर मोजलेली होती: त्या चार्जला ३०० युनिटच्या आसपास. मी मुलाला एवढंच विचारलं, "४२,५०० कोटी युनिट घरातच तयार होत असतील, तर मालक ३०० युनिटचं बिल का भरतो?" तो हसला. गणित त्याला पटलं.

मामांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. रविवारी मी शेडमध्ये गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही सांगालाय ते बरोबर आहे, खरं माल गेला कुठं?" (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.) प्रश्न रास्त होता. लोखंडाचं लाईट झालं नाही एवढं सांगून सतरा किलोंचा हिशेब लागत नाही.

म्हणून पुढच्या चार्जला आम्ही तिघांनी सगळं तोललं. साच्यात ओतलेला माल, लॅडलच्या (ओतायच्या पळीच्या) तळाला गोठलेला पापुद्रा, भट्टीच्या तोंडावरून बादलीत काढलेला स्लॅग (वितळलेल्या धातूवर तरंगणारा मळ), जमिनीवर उडालेले थेंब झाडून गोळा केलेले. स्लॅग थंड झाल्यावर काळ्या काचेसारखा दिसतो. हातात घेतला तर वाटतो त्यापेक्षा हलका, कडा धारदार. त्या एका बादलीतच तूट बहुतेक सापडली. गंजलेल्या भंगाराचा गंज, लोखंडातलं थोडं सिलिकॉन आणि मँगनीज जळून झालेली ऑक्साईडं, भट्टीच्या अस्तराचा झिजलेला भाग, सगळं तिथं. आणि मुख्य म्हणजे वाळू. मागच्या ओतकामातून परत आलेले रनर-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटांमध्ये गोठलेले जादा तुकडे) भट्टीत टाकताना त्यांना चिकटलेली मोल्डची वाळू 'लोखंड' म्हणूनच तोलली जात होती. काही किलो तर मुळात लोखंड नव्हतंच.

हिशेब ग्रॅमपर्यंत जुळत नाही, जुळणारही नाही. स्लॅगमध्ये हवेतला ऑक्सिजन शिरतो, तो चार्जमध्ये नव्हता. धुरातून बारीक ऑक्साईड निघून जातं, ते बादलीत येत नाही. तरीही मामांचं समाधान झालं. माझंही झालं, आणि इथंच मी प्रकरण मिटवलं. मिटवताना मुलाला जे वाक्य सांगितलं, ते असं: "हे सूत्र अणुभट्टीचं, लोखंडाच्या भट्टीचं नव्हे. साध्या क्रियेत वस्तुमान कायम राहतं, फक्त अणुकेंद्रकाच्या क्रियेत त्याचं ऊर्जेत रूपांतर होतं."

हे वाक्य मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत आलो होतो.

मुलाचा दुसरा प्रश्न

तीन आठवड्यांनी तो परत आला. "सर, सूत्रात तसं कुठं लिहिलंय? एम म्हणजे फक्त युरेनियमचं एम, असं काही आहे का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. सूत्रात तसं काहीच नाही. आइन्स्टाईन यांनी १९०५ साली हे मांडलं तेव्हा अणुकेंद्रक ही कल्पनाच नव्हती. ती रदरफोर्ड यांच्याकडून १९११ मध्ये आली. आइन्स्टाईन यांचा तो लेख जेमतेम तीन पानांचा. त्यात प्रकाश बाहेर टाकणारी एक वस्तू आहे, कुठलीही वस्तू, आणि निष्कर्ष असा की तिनं जेवढी ऊर्जा दिली, त्या प्रमाणात तिचं वस्तुमान कमी झालं. शेवटाकडं ते म्हणतात की वस्तूचं वस्तुमान हे तिच्यात असलेल्या ऊर्जेचं माप आहे. रेडियमच्या क्षारांवर हे पडताळता येईल, अशी सूचना त्यांनी केली, पण ती केवळ तिथं ऊर्जा भरपूर म्हणून. नियम सगळ्यांना सारखा.

म्हणजे भट्टीलाही लागू. मग ५०० किलो लोखंड तापवून वितळवलं तर त्याचं काय होतं? मुलाच्या वहीत लिहिलं होतं वस्तुमान घटतं. मी सांगितलं होतं बदलत नाही. खरं उत्तर आमच्या दोघांच्याही उलट: ते वाढतं. लोखंडात ऊर्जा भरली, आणि भरलेल्या ऊर्जेला वस्तुमान असतं.

किती वाढतं? ५०० किलो बीड (ओतीव लोखंड) सुमारे १,५०० अंशांपर्यंत नेऊन वितळवताना धातूत साधारण ७० कोटी ज्यूल जातात. मीटरवरचे ३०० युनिट याहून जास्त भरतात, कारण बाकीची उष्णता अस्तरातून, कॉइलच्या पाण्यातून आणि तोंडातून निघून जाते. ७० कोटींना ९ वर सोळा शून्यांनी भागलं की येतात ८ मायक्रोग्रॅम. आकडा फळ्यावर आला पण डोळ्यांपुढं आला नाही. तेव्हा मुलानं खिशातून कागदाची पुडी काढली. शेडमधली मोल्डची वाळू होती. त्यातला ०.२ मिलिमीटरचा एक कण घेऊन आम्ही घनता लावून वजन काढलं: सुमारे ११ मायक्रोग्रॅम. म्हणजे अर्धा टन लाल-पांढरं वितळलेलं लोखंड थंड लोखंडापेक्षा जड असतं, ते वाळूच्या एका बारीक कणापेक्षाही थोडं कमीच.

आणि मामांच्या बादलीत तर किलोकिलोनं वाळू होती.

मूस आणि काटा

मुलाला हे पटायला एक अडचण होती. त्यानं मामांच्या शेडमधल्या छोट्या डिजिटल काट्यावर नमुन्याचा गरम तुकडा ठेवून पाहिला होता. गरम असताना आकडा कमी, थंड झाल्यावर जास्त. "सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणं उलट पाहिजे."

लोखंडाचा तुकडा यासाठी वाईट. तापलेल्या लोखंडावर हवेतल्या ऑक्सिजननं खपली धरते आणि वजन खरोखरच वाढतं. म्हणून आम्ही एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चिनी मातीची मूस घेतली, साधारण ३० ग्रॅमची, आधी तापवून ओल काढलेली आणि डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) थंड केलेली. काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. पहिलं वजन लिहून घेतलं. मग मूस सुमारे २०० अंश तापवली, चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवली आणि काचेची दारं लावली.

आकडा पहिल्यापेक्षा कमी आला, आणि कमी येऊन थांबला नाही. शेवटची दोन स्थानं नुसती धावत होती. काचेला हात लावला तर आतली हवा ऊबदार. दर मिनिटाला आकडा थोडा थोडा वर सरकत होता, सुरुवातीला भरभर, मग रेंगाळत. मुलगा वहीत वेळ आणि आकडा उतरवत राहिला. प्रयोगशाळेतले सहायक दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "गरम वस्तू काट्यावर ठेवायची नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवतोय की आम्ही." बरोबर आहे, आणि तो नियम ज्या कारणासाठी आहे तेच आमचं उत्तर होतं. गरम मुशीभोवतीची हवा तापून वर चढते, चढताना मूस आणि पारडं दोन्हींना किंचित वर ओढते. काटा वस्तुमान मोजत नाही, आपल्यावर पडलेला भार मोजतो. पूर्ण थंड झाल्यावर मूस पहिल्याच आकड्यावर आली, शेवटच्या स्थानापर्यंत.

२०० अंशांनी तापलेल्या त्या मुशीत जादा ऊर्जा सुमारे ५,४०० ज्यूल. तिचं वस्तुमान ०.०६ नॅनोग्रॅम. काट्याची सगळ्यात लहान पायरी त्याच्या सोळा-सतरा लाख पट मोठी. हवेचा झोत मात्र काट्याला सहज दिसतो. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण पुष्कळ मुलं इथंच हरतात. मोजता येत नाही म्हणजे नाही, असं त्यांना वाटतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लांडोल्ट यांनी १८९० च्या दशकात बंद नळ्यांमध्ये रासायनिक क्रिया घडवून आधीचं आणि नंतरचं वजन ताडून बघायला सुरुवात केली, आणि पुढं दीडेक दशक ते काम चालवलं. काट्याच्या मर्यादेत त्यांना फरक सापडला नाही. त्यांची मापं चोख होती. फरक त्यांच्या काट्याच्या फार खाली होता.

फरक दिसला तो १९३२ मध्ये, केंब्रिजला, कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांच्या प्रयोगात. ती बेरीज मी फळ्यावर करून दाखवली, कारण ती शाळकरी आहे. अणूंच्या वस्तुमानाच्या एककात लिथियमचा अणू ७.०१६०, हायड्रोजनचा १.००७८, मिळून ८.०२३८. दोघांची धडक झाली की हेलियमचे दोन अणू मिळतात, प्रत्येकी ४.००२६, मिळून ८.००५२. तूट ०.०१८६. या तुटीची ऊर्जा काढली तर येते सुमारे १७.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक), आणि हेलियमची केंद्रकं खरोखर तेवढ्याच जोरात सुटताना दिसली. २००५ मध्ये सिलिकॉन आणि गंधक यांच्या केंद्रकांवर हीच पडताळणी अतिशय बारकाईनं झाली, आणि दोन्ही बाजू एक कोटीत चार भागांच्या आत जुळल्या.

कण मोजून बघा

हीच बेरीज मुलानं पुन्हा वेगळ्या नजरेनं पाहिली. लिथियममध्ये तीन प्रोटॉन, चार न्यूट्रॉन. हायड्रोजनचा एक प्रोटॉन. एकूण आठ कण. दोन हेलियममध्ये चार प्रोटॉन, चार न्यूट्रॉन. आठच. "सर, मग रूपांतर कशाचं झालं? गेलं तर कुणीच नाही."

माझ्या वर्षानुवर्षांच्या वाक्याचा पाया त्याच्या या प्रश्नानं निसटला. युरेनियमच्या विखंडनातही, म्हणजे त्याचं केंद्रक फुटतं तेव्हाही, तसंच. आत शिरणाऱ्या न्यूट्रॉनसकट आधी २३६ कण, फुटल्यावर तुकड्यांत आणि सुट्या न्यूट्रॉनमध्ये मिळून २३६. एकही प्रोटॉन जळून वीज झालेला नाही. बदलते ती कणांची एकमेकांशी असलेली बांधणी. घट्ट बांधणीत त्यांची मिळून ऊर्जा कमी असते, म्हणून वस्तुमानही कमी. उरलेली ऊर्जा आपलं वस्तुमान घेऊनच बाहेर पडते.

आमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या काठी कैगा अणुवीज केंद्र आहे. तिथं २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या. एका भट्टीत वीज होण्याआधीची उष्णता सुमारे ७५० मेगावॅट धरली, तर दिवसाला जी ऊर्जा निघते तिचं वस्तुमान पाऊण ग्रॅमच्या आत भरतं. त्यासाठी सुमारे ८०० ग्रॅम युरेनियम फुटावं लागतं. आता तेवढीच उष्णता कोळशातून काढायची तर आपल्याकडच्या कोळशाच्या प्रतीप्रमाणं साधारण चार हजार टन लागतील. आणि कोळसा अधिक ऑक्सिजन आधी, राख अधिक धूर नंतर, अशी तुलना केली तर तिथंही वस्तुमान तेवढंच कमी झालेलं असेल: पाऊण ग्रॅमच्या आत. चार हजार टनांच्या ढिगाऱ्यात ते कुणाला दिसणार? अणुभट्टीत सूत्र 'लागू' आणि कोळशात 'नाही' असं काही नाही. एकीकडं तूट ८०० ग्रॅममधली, दुसरीकडं हजारो टनांतली, एवढाच भेद.

भट्टीतल्या त्या ८ मायक्रोग्रॅमचं मूळही असंच शोधता येतं. ते विजेबरोबर आले. वीज कोळशाची असेल तर तिकडच्या कोळशानं आणि ऑक्सिजननं ते गमावले. शरावती नदीवरच्या धरणाच्या पाण्याची असेल तर वर साठलेलं पाणी आणि पृथ्वी या जोडीनं गमावले. तारेतून ते उद्यमबागेत आले, लोखंडात बसले, आणि कास्टिंग थंड होताना शेडच्या हवेत गेले. कुठंच काही नाहीसं झालं नाही.

'मान'

आता शब्दाचं बोलतो, कारण या प्रकरणात अर्धा गोंधळ शब्दांचा होता.

सीमाभागातली आमची मुलं दहावीपर्यंत मराठीत 'वस्तुमान' शिकतात आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत जातात. वर्गातली कन्नड माध्यमाची मुलं 'द्रव्यराशी' म्हणत आलेली असतात. द्रव्यराशी म्हणजे द्रव्याची रास. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढं ढीग येतो, आणि ढीग कमी झाला म्हणजे त्यातलं काहीतरी उचललं गेलं असंच वाटतं. इंग्रजी शब्दाची जुनी व्याख्याही तीच, 'पदार्थातील द्रव्याचं प्रमाण'. मी मराठीतून शिकलो, पण मनात व्याख्या तीच घेऊन बसलो होतो.

मराठी शब्द बघा. वस्तु-मान. मान म्हणजे माप, जसं तापमान, पर्जन्यमान. त्यात द्रव्य नाही, रास नाही. वस्तूचं एक माप आहे, कशाचं ते शब्द सांगत नाही. आइन्स्टाईन यांचं वाक्य त्या रिकाम्या जागेत नेमकं बसतं: वस्तुमान हे वस्तूतल्या ऊर्जेचं मान. हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे असेल असा माझा दावा नाही. पण शिकवताना तो इतका उपयोगी पडतो की आता पहिल्याच तासाला मी तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, आणि कन्नड माध्यमाच्या मुलांनाही 'मान' समजावून सांगतो. त्यांच्याकडंही तापमान हा शब्द आहेच, त्यामुळं पटकन कळतं.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर प्रोटॉनकडं बघावं. प्रोटॉन तीन क्वार्कांचा, म्हणजे त्याहून लहान तीन कणांचा. त्या तिघांची स्वतःची वस्तुमानं मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम शंभरावा भाग भरतो. बाकी जवळजवळ सगळं त्यांच्या हालचालीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलक्षेत्राची ऊर्जा. मामा रोज जे लोखंड उचलतात, तराजूत घालतात, त्याचं वजन बहुतांशी असं कोंडलेल्या ऊर्जेचं आहे. द्रव्याची रास म्हणून ते समजणार नाही.

त्यानंतर

शेडमध्ये दोन गोष्टी बदलल्या. रनर-रायझर आता वाळू झाडून, शॉट ब्लास्ट करून (पोलादी छर्ऱ्यांच्या माऱ्यानं साफ करून) मगच तोलतात, आणि मेल्टिंग लॉसचा आकडा रजिस्टरमध्ये खाली आला. मामा म्हणाले, "लोखंड तेवढंच वितळतंय सर, खरं आता तोलतोय ते लोखंडच हाय."

मुलाच्या वहीतलं जुनं पान त्यानं फाडलं नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली. आणि एक नवा प्रश्न. वितळताना लोखंडाचं तापमान बराच वेळ फारसं वाढत नाही, नुसती उष्णता आत जात राहते. त्या वेळातही वस्तुमान वाढतं का? मी म्हटलं, सूत्रात तापमान कुठं आहे ते शोध. त्यानं शोधलं, नाही सापडलं, आणि गणित मांडलं: लोखंड वितळवायला किलोमागं सुमारे २ लाख ४७ हजार ज्यूल, ५०० किलोंना साडेबारा कोटींच्या आत, भागिले ९ वर सोळा शून्यं. उत्तर, १.४ मायक्रोग्रॅम. वाळूच्या त्या कणाचा आठवा भाग, नुसता वितळण्यात.